नाव घातलेलं फुलपात्र

आईच्या पंच्याहत्तरीला काकू गावाहून आली. रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे स्वारगेटला उतरली, उजाडेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहिली आणि सातच्या सुमाराला दारात उभी. पिशवीत परड्यातल्या शेवग्याच्या शेंगा, बेदाण्याची पुडी, आईसाठी इरकली साडी. घर माणसांनी भरलेलं होतं. ट्रेमध्ये कप मांडून मी चहा गाळत होते. काकू ओट्याजवळ आली, पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं स्टीलचं फुलपात्र काढलं, नळाखाली विसळलं आणि माझ्यापुढं धरलं. "माझा यात घाल." माझी लेक तिथंच उभी होती, यंदा दहावीला आहे. तिनं अगदी सहज विचारलं, "काकूआजी, तुम्ही तुमचं भांडं घरून आणता?" हॉलमध्ये आईचं कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, ते मध्येच थांबलं. आणि मी, गाळणी हातात तशीच धरून, म्हणाले, "अगं, काकूआजीला स्टीलमधलाच चहा लागतो." काकूनं माझ्याकडं पाहिलं. मग लेकीला म्हणाली, "व्हय बाळा. कपाचा कान काय माझ्या बोटात बसत न्हाई."

माझं खोटं तिनं उचलून धरलं.

दुपारी आईला पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं. काकू मागं, फ्रिजला टेकून उभी राहिली. पुढं ये म्हटलं तर "दिसतंय की इथनं" म्हणाली. संध्याकाळी परतीच्या गाडीची घाई झाली आणि त्या गडबडीत फुलपात्र ओट्यावरच राहिलं. रात्री भांडी आवरताना ते माझ्या हातात आलं. काठ थोडा जाड, बुडाशी एक पोचा, आणि पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं: मामांकडून, १९८९. तिच्या लग्नातलं. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची केवढी हौस. भांड्यांच्या दुकानाबाहेर तो माणूस यंत्राची सुई टर्रर्र करत चालवायचा आणि दिलेल्या माणसाचं नाव, तारीख त्या स्टीलवर उमटायची. शेजारी गेलेली वाटी नावावरून परत यायची, पंगतीला गेलेलं पातेलं ओळखू यायचं. आमच्या घरात मात्र २००३ नंतर एका नावाचा उपयोग वेगळाच झाला. ते नाव दिसलं की ते भांडं इतर भांड्यांत मिसळायचं नाही, एवढं लहान पोरांनाही कळायचं.

माझे काका ट्रकवर होते. तासगावची द्राक्षं, बेदाणा, सांगलीची हळद घेऊन दिल्लीपर्यंत जायचे. महिना-महिना घरी नसायचे. आले की आग्र्याचा पेठा आणायचे, तो ओलसर पुठ्ठ्याचा डबा उघडला की आख्खं घर गोड वासानं भरायचं. मला सायकल त्यांनी शिकवली. त्यांच्या अंगाला डिझेल, विडी आणि घाम यांचा मिळून एक वास होता. आजही हायवेवरच्या ढाब्यापाशी गाडी थांबली की तो वास येतो आणि मी दोन मिनिटं उतरून उभी राहते. २००२ साल संपत आलं तेव्हा मी मुंबईला शिकत होते. त्या दिवसांत शहरभर होर्डिंग लागली होती, 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' लोकलच्या दारात, बसस्टॉपवर, सगळीकडं तोच प्रश्न. आमच्या हॉस्टेलच्या मुली हसत एकमेकींना विचारायच्या. मीही हसले आहे. त्याच हिवाळ्यात घरून फोन आला की काकांचं पोट थांबत नाही, ताप उतरत नाही, तोंड आलंय, निम्मे झालेत. फोनवर आईनं आजाराचं नाव घेतलं नाही. "तसलं झालंय म्हणतात" एवढंच बोलली. 'तसलं' म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही. आणि त्यानंतर त्या होर्डिंगखालून जाताना मी मान वर केली नाही.

काकांना शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. वॉर्डच्या टोकाला खाट, खाटेच्या दांडीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहिलेलं. ते काय लिहिलंय हे येणारा-जाणारा वाचत होता. वॉर्डबॉयनं जेवणाचं ताट जमिनीवर ठेवलं आणि पायानं खाटेकडं सरकवलं. हे आईनं पाहिलं. माझी आई चारचौघांत आवाज न चढवणारी बाई. ती त्या दिवशी सगळा वॉर्ड गोळा होईपर्यंत भांडली. जनावरापुढं तरी असं ताट टाकता का, म्हणाली. मग स्वतः खाटेवर बसून दिराला भाताचे चार घास भरवले, ओठाच्या कडेनं ओघळलेलं पदरानं पुसलं. पुढचे नऊ-दहा महिने काका घरी होते, त्यातही त्यांच्या तळपायांना कोकम तेल चोळणारी आईच होती. आणि याच आईनं, दवाखान्यातून आल्या दिवशी संध्याकाळी, काका-काकूंची ताट-वाटी, तांब्या, फुलपात्रं वेगळी काढून मागच्या पडवीतल्या फळीवर मांडली. ही दोन्ही कामं करणारे हात एकच होते. मी इतकी वर्षं हे जुळवून बघतेय. मला ते जुळवता येत नाही.

आईला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "घरात लहान पोरं होती."

तिला दोष द्यावा तर तिला कुणी काय सांगितलं होतं? एसटी स्टँडच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या कंपाउंडवर, आरोग्य केंद्राच्या दारात जे रंगवलेलं होतं ते मला लख्ख आठवतं: कवटी, रक्त ठिबकणारी अक्षरं, आणि मृत्यू हा शब्द. एकत्र जेवल्यानं, एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, डास चावल्यानं हे पसरत नाही, हेही कुठंतरी खाली लिहिलेलं असायचं, पण बारीक अक्षरांत. जाता-जाता एसटीच्या खिडकीतून माणूस कवटी वाचतो, बारीक अक्षरं वाचत नाही. भीती आम्हाला हातभर अक्षरांत शिकवली गेली. पुढं सगळं बदललं, औषधं आली, माणसं जगायला लागली, तेव्हा त्या भिंतींवर पुन्हा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कुणी काही रंगवलं नाही. रंग आपोआप उडाला. लोकांच्या डोक्यातली कवटी तशीच राहिली. शाळांचं तर विचारूच नये. एचआयव्हीची माहिती देणारा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली आपल्या राज्यानं संस्कृतीच्या नावाखाली थांबवला. तेव्हा आमच्या घरात फळीवरची भांडी तशीच होती आणि काकांच्या मुलाला वर्गात शेजारी कुणी बसत नव्हतं. त्याची तपासणी झाली होती, त्याला काही नव्हतं. तरी नाही.

या आजाराची आपल्याकडची पहिली नोंदच मुळी अशी झाली की बोट दुसरीकडं दाखवायची सोय व्हावी. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी शंभर बायकांच्या रक्ताचे नमुने तपासले, त्यात सहा जणींमध्ये विषाणू सापडला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी पुढचं सगळं आयुष्य रुग्णांना हात लावण्यात, त्यांच्याशी बोलण्यात घातलं. पण ज्यांचं रक्त तपासलं त्या बायका धंद्यातल्या होत्या, आणि समाजानं त्यातलं तेवढंच उचललं. हा 'त्यांचा' आजार ठरला. मग तीन वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला, रक्तदान केल्यावर चाचणी पॉझिटिव्ह निघाली म्हणून, पोलिसांनी उचललं. म्हापशाला क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. कायदाच तसा केला होता. त्याच्या आईनं, लुसी डिसोझांनी, कोर्टात दाद मागितली. डॉमिनिकनं मरणाआधी आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. हे मी फार उशिरा वाचलं. वाचताना मला सारखी आमची मागची पडवी दिसत होती. काकूला आम्ही ६४ दिवस नव्हे, अकरा वर्षं परड्यातल्या खोलीत ठेवली.

काका २००३ च्या दिवाळीच्या आधी गेले. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोजक्या सरकारी रुग्णालयांत, त्यात मुंबईचं जे. जे. होतं, या आजाराची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. मधे सहा महिनेही नव्हते. आणखी एक गोष्ट मला छळते. तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी द्यायची तयारी सिप्लानं २००१ सालीच दाखवली होती. आपल्या मुंबईची कंपनी. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. माझे काका ती बातमी छापलेल्या कागदात बांधलेली भजी खात हायवेवरून गेलेही असतील. पण तेव्हा ट्रकच्या पगारात रोज, जन्मभर, विकत घेण्याजोगं ते औषध नव्हतंच, आणि ते असतं हे आमच्या तालुक्यात कुणी सांगितलंही नाही.

काकूची तपासणी त्यांच्या तेराव्यानंतर झाली. ती पॉझिटिव्ह निघाली तेव्हा घरातल्या मोठ्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. लग्नाआधी वेशीबाहेर न गेलेल्या बाईला 'हिनंच खाल्लं त्याला' म्हणाले. त्या काळी सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. त्यामुळे तीन वर्षं ती आजारी पडायची वाट बघत बसली. मग गोळ्या सुरू झाल्या त्या सुरुवातीच्या, जुन्या. त्यातल्या एका औषधानं तिच्या तळपायांची आग व्हायची, रात्री ती ओल्या पोत्यावर पाय ठेवून बसायची. हळूहळू गाल आत गेले, हातापायांच्या शिरा वर आल्या. ती जगत होती, पण तिच्या तोंडावर आजार लिहिला गेला होता. गावाला त्या चेहऱ्याची ओळख पटली होती. पुढं औषध बदललं. आता एकच गोळी, दिवसातून एकदा. गाल पूर्ण भरले नाहीत, पण पायांची आग गेली.

चार वर्षांपूर्वी गोळ्या आणायला मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. जवळचं केंद्र सोडून ती शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाते, दोन एसटी बदलून. जवळच्या केंद्राबाहेर गावातलं कुणी ना कुणी दिसतं. रांगेत बायकांच्या तोंडाला पदर, पुरुषांच्या तोंडाला रुमाल. कोविडनंतर मास्क आला, त्याचं त्या रांगेला फार बरं झालं असं समुपदेशक ताई म्हणाल्या. गोळ्यांच्या पांढऱ्या बाटल्या घेऊन बाहेर आल्यावर काकू स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीच्या आडोशाला गेली. मी पिशवी धरून उभी. तिनं नखानं बाटलीवरचा कागद सोलला, त्याचे बारीक तुकडे केले आणि वेगवेगळ्या ठिकाणी टाकले. मग कनवटीला लावलेला कापसाचा बोळा काढून बाटलीत कोंबला, झाकण लावलं, कानाशी नेऊन हलवून बघितलं. वाजत नव्हती. "एसटीत हिसके बसत्यात," ती म्हणाली, "वाजलं की शेजारची विचारती, कसल्या गं गोळ्या?" तीन बाटल्या होत्या. तीनदा कागद सोलला, तीनदा बोळा घातला, तीनदा कानाशी लावून ऐकलं. ती हे इतक्या सवयीनं करत होती, जशी तांदूळ निवडते.

तिच्या फाइलमध्ये व्हायरल लोडचा रिपोर्ट होता. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड.' केंद्रातले सगळे त्याला टीएनडी म्हणतात, तीही म्हणते, "टीएनडी आलं औंदा पण." रक्तात विषाणू इतका कमी की मशीनला सापडत नाही. अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याकडं जात नाही, हे आता जगभरच्या अभ्यासांनी पक्कं केलंय. जोडप्यांच्या ज्या मोठ्या अभ्यासाचं नाव 'पार्टनर' आहे, त्यात उपचारांवर असलेल्या आणि विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण झालेली एकही व्यक्ती सापडली नाही. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला होता, गाडीत बसल्या-बसल्या मी काकूला समजावून सांगितलं होतं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पर पाण्याच्या भांड्यानं तर तवाबी होत न्हवतं ना?" मी नाही म्हणाले. तेव्हाही होत नव्हतं. औषध नसतानाही नव्हतं, १९८६ लाही नव्हतं. तिनं खिडकीकडं तोंड केलं आणि कराड येईपर्यंत बोलली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे सगळं विचारतात. २०१९ ते २१ च्या पाहणीत देशातल्या २१.६ टक्के बायकांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना एचआयव्हीबद्दल पुरेशी, गैरसमज वगळून माहिती होती. म्हणजे पाच बायकांमागं जेमतेम एक. महाराष्ट्र तर या आजारासोबत जगणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त असलेलं राज्य. त्याच पाहणीत एक प्रश्न असतो: भाजीवाल्याला एचआयव्ही आहे असं कळलं तर तुम्ही त्याच्याकडून ताजी भाजी घ्याल का? तो प्रश्न मला फार आवडतो, कारण तो माणसाला थेट बाजारात नेऊन उभा करतो. परवा मेथी निवडताना मी आईला विचारला. तिनं क्षणभर विचार केला, काडी मोडली. "घेईन की. भाजी काय, आपण धुऊनच घेतो."

आमच्या सांगलीत, जिथं लोक गोकुळनगरच्या, धंद्यातल्या बायकांच्या वस्तीच्या, रस्त्यानं जायचं टाळतात, तिथल्या बायकांनी हे सगळं आमच्या कितीतरी आधी समजून घेतलं होतं. मीना सेषू यांची 'संग्राम' ही संस्था १९९२ ची. धंद्यातल्या बायका स्वतःच निरोध वाटायच्या, एकमेकींना सांगायच्या, समजवायच्या, पुढं 'वॅम्प' नावानं त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांच्याकडं बोट दाखवून आम्ही निवांत झालो होतो, त्या शिकत होत्या. गावातल्या आमच्यासारख्या चांगल्या घरांत आम्ही भांडी वेगळी करत होतो. २०१७ साली कायदा झाला, पुढच्या वर्षी १० सप्टेंबरपासून लागू झाला. त्यात आहे की या आजारामुळं कुणाला नोकरी, शाळा, उपचार नाकारता येणार नाहीत, संमतीशिवाय कुणाचं नाव सांगता येणार नाही, आणि राहत्या घरातून किंवा त्याच्या कुठल्या भागातून कुणाला बाहेर काढता येणार नाही. हे शेवटचं कलम वाचल्यावर मी काकूचा विचार केला. तिला आमच्या घरातून कुणी बाहेर काढलं नव्हतंच. तिला फक्त घराच्या मागं ठेवलं होतं. तेही या कलमात बसतं, पण तेव्हा हे कलमच नव्हतं.

आणि मला? मला सगळं माहीत होतं. मी त्या रांगेत उभी राहिले होते, तो रिपोर्ट मी स्वतः वाचला होता. तरी त्या सकाळी लेकीनं विचारलं आणि माझ्या तोंडून खोटंच आलं. काकूचं गुपित तिचं आहे, तिच्या परवानगीशिवाय ते सांगायचा मला हक्क नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरंही आहे. पण गाळणी हातात असताना हक्काबिक्काचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. हॉलमध्ये पाहुणे आहेत, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूला फोन केला. फुलपात्र राहिलंय म्हणाले. मग म्हणाले, पोरीला खरं सांगू का? ती बराच वेळ गप्प होती. पलीकडं कोंबड्यांचा कलकलाट चालू होता. "सांग," म्हणाली. "मोठी झाली ती. पर बसवून सांग, उभ्या-उभ्या नको." मी त्या रात्री लेकीला बसवून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. ती शाळेत हे शिकलीय, परीक्षेत दोन मार्कांना लिहिलंय, एकत्र जेवल्यानं पसरत नाही म्हणून. तिनं विचारलं, "मग आजीनं त्यांचं भांडं वेगळं का केलं?" मी म्हणाले, तिला तेव्हा माहीत नव्हतं. "आणि आता?" यावर मी काही बोलले नाही. ती उठून अभ्यासाला गेली. दार लावताना जरा जोरात लावलं.

तेव्हापासून फुलपात्र आमच्याकडंच आहे. मी ते घासून मांडणीवर आमच्या फुलपात्रांच्या रांगेत ठेवते. सकाळी उठून बघावं तर ते रांगेतून बाहेर, मांडणीच्या कडेला, खिडकीपाशी एकटं असतं. मी पुन्हा रांगेत ठेवते. आई काही बोलत नाही, मीही बोलत नाही. आठ दिवस आमचं हेच चाललं होतं. पुढच्या महिन्यात काकू गोळ्या घेऊन झाल्या की इकडं येते म्हणालीय, शेवग्याच्या शेंगा पुन्हा आणणार आहे.

आज सकाळी मी दूध तापवायला उठले, तेव्हा ते फुलपात्र कडेलाही नव्हतं आणि रांगेतही नव्हतं. जेवणाच्या टेबलावर होतं, आईच्या चष्म्याच्या घराशेजारी. तळाशी घोटभर पाणी होतं.